लाल पाइप म्हणजे ब्रेक नव्हे

परवा रात्री कोगनोळी टोलनाका ओलांडून निपाणीच्या अलीकडं एका धाब्यावर चहाला थांबलो होतो. शेजारी एक लोडेड ट्रेलर उभा, त्याच्या घोड्यात, म्हणजे त्याला ओढणाऱ्या पुढच्या इंजिन-केबिनच्या गाडीत, बिघाड झालेला आणि कोल्हापूरकडनं दुसरा घोडा आलेला, म्हणजे आता पहिला सोडायचा आणि दुसरा लावायचा, रोजचंच काम. बघतोय तर क्लीनर पोरगं, असेल अठरा-एकोणीसचं, पायात स्लिपर, घोडा आणि ट्रेलरच्या मधल्या फटीत चेसीवर उभं राहून हवेचे पाइप काढायला लागलंय, इंजिन चालू, केबिनचं दार उघडं, आणि ड्रायव्हर दहा पावलं लांब फोनवर मालकाशी बोलतोय. मी ग्लास तसाच बाकड्यावर ठेवला आणि केबिनमध्ये डोकावलो तर हँडब्रेक ओढलेलाच नाही. त्या पोराला आधी खाली उतरवलं, मग ड्रायव्हरला हाक मारली. तो म्हणाला, "मामा, लाल पाइप काढला की ट्रेलर जाम होतंय की, जातंय कुठं?"

हे वाक्य मी गेली पंचवीस वर्षं ऐकतोय. मी स्वतः पण म्हणायचो, माझ्या वस्तादाकडनं शिकलो होतो. म्हणून आज गाडी रिकामी व्हायला वेळ आहे तर बसून सगळं टाइप करून ठेवतोय, कुणा ड्रायव्हरच्या ग्रुपवर फिरलं तर फिरू दे.

माझं सांगायचं तर गाव संकेश्वरजवळ, घरात मराठी, दारात कन्नड. 1998 साली क्लीनर म्हणून गाडीवर चढलो, मग लायसन, मग दहाचाकी, मग ट्रेलर. मधी सहा वर्षं दुबईला होतो, जेबेल अली पोर्टाच्या भागात कंटेनर ओढायचो. आता परत इथंच, तोरणगल्लूहून लोखंडाच्या कॉइल भरून हुबळी-धारवाड-बेळगावमार्गे कोल्हापूर नाहीतर पुण्याला. गाडी 55 टनाची. एवढं वजन मागं असताना त्या फटीत उभं राहायचं म्हणजे काय, ते तिथं उभं राहिलेल्यालाच कळतं.

तर लाल पाइपचं आधी बघू. घोड्यातनं ट्रेलरला दोन हवेचे पाइप जातात. लाल पाइपमधनं सारखी हवा जाते, ट्रेलरची टाकी भरलेली ठेवायला. दुसरा पिवळा, काही गाड्यांना निळा, तो आपण पाय दाबला की ट्रेलरचे ब्रेक लावणारा. आता लाल पाइप काढला की ट्रेलरच्या वाल्वला कळतं की पुढनं हवा तुटली, मग तो टाकीत साठलेली हवा बूस्टरला, म्हणजे चाकाचा ब्रेक दाबणाऱ्या हवेच्या डब्याला, सोडतो आणि चाकं जाम होतात. इथपर्यंत तो ड्रायव्हर बरोबर बोलत होता. पण ही सोय कशासाठी आहे, तर चालत्या रस्त्यात ट्रेलर सुटला किंवा पाइप फुटला तर तो थांबावा म्हणून. रात्रभर उभा करून ठेवायला नाही. तो ब्रेक हवेवर धरलेला आहे, आणि हवा कुठंतरी गळत असतेच, बूस्टरचा रबर जुना झालेला असतो, कुठं जॉइंट ढिला असतो. संध्याकाळी सहाला जाम असलेला ट्रेलर पहाटे चारला मोकळा झालेला असतो आणि बाहेरनं बघून काहीच कळत नाही. ज्या ट्रेलरला स्प्रिंग ब्रेक आहे आणि बाजूला पार्किंगचं बटण आहे तिथं गोष्ट वेगळी, बटण ओढलं की स्प्रिंगच्या चेंबरमधली हवा बाहेर पडते आणि जाड स्प्रिंग ब्रेक धरून ठेवते, हवा असो नसो. पण आपल्या भागात फिरणाऱ्या किती जुन्या ट्रेलरना ते बटण नीट चालतं? मी तर किती ठिकाणी ते बटण वायरनं बांधून ठेवलेलं बघितलंय.

दुबईला मी जे युरोपियन ट्रेलर ओढले त्यांना दोन बटणं असायची, लाल पार्किंगचं आणि निळं यार्डात ट्रेलर सरकवायचं. निळं वापरलं की पाइप नसताना सुद्धा चाकं मोकळी होतात. कुणी ते वापरून ट्रेलर सरकवला आणि परत जाग्यावर आणलं नाही की झालं, तो ट्रेलर नुसता जमिनीवर ठेवलेला गाडा. म्हणून तिथं पहिल्या दिवशी मला एकच शिकवलं, ट्रेलरकडं गेलास की आधी बटण बघ, मग बाकी सगळं.

आता खरा धोका. पाइप काढताना जेवढा आहे त्यापेक्षा जास्त तो पाइप लावताना आहे, आणि हे बऱ्याच जणांच्या डोक्यातच नसतं. लाल पाइप लावला की ट्रेलरच्या टाकीत हवा शिरते आणि जाम झालेली चाकं सुटतात. म्हणजे तुम्ही फटीत उभं राहून स्वतःच्या हातानं ट्रेलरचा ब्रेक सोडताय. त्या वेळी घोड्याचा हँडब्रेक ओढलेला नसेल आणि जमीन जरा जरी उताराची असेल तर सगळी गाडी चालायला लागते, केबिनमध्ये कोणी नाही, आणि तुम्ही घोड्याच्या पाठीवर.

माझ्याबरोबर हे झालंय. 2009 सालचा पावसाळा, बेळगावच्या बाहेर एका यार्डात. नाव घेत नाही, त्यांची काही चूक नव्हती, चूक माझी होती. पहाटेची वेळ, रात्रभर पाऊस पडून गेलेला, मला नंबर लावायची घाई. घोडा मागं घेतला, किंगपिन, म्हणजे ट्रेलरच्या नाकाखालची लोखंडी खुंटी, घोड्याच्या जबड्यात बसल्याचा खट्ट आवाज आला, खाली उतरून ट्रेलरचे पाय, ज्यावर तो सुटा उभा राहतो ते, वर करून टाकले आणि मग पाइप लावायला चेसीवर चढलो. घोडा न्यूट्रलला, इंजिन चालू ठेवलेलं हवा भरायला, हँडब्रेक नाही. पिवळा लावला. लाल पाइपचं तोंड तळहातानं पुसलं, कारण त्यात चिखल गेलेला, आणि बसवून फिरवलं. आधी फुस्स असा बारीक आवाज, मग मागं लांब कुठंतरी एक मोठा उसासा टाकल्यासारखा आवाज, तो बूस्टर सुटल्याचा. आणि पायाखालची चेसी हलली. एकदम नाही हं, अगदी हळू, पाळणा हलतो तशी. मला पहिले दोन सेकंद वाटलं की मलाच चक्कर येतीय. मग बाजूचा लाइटचा खांब मागं जाताना दिसला.

यार्डाचा उतार गेटकडं. उडी मारावी तर दोन्ही बाजूला चाकं आणि खाली चिखल, पुढं केबिनची मागची पत्रा-भिंत, तिथनं आत जायला वाट नाही. मी नुसता पाइपच्या स्टँडला धरून लटकलो. वीस-पंचवीस फूट गेली गाडी आणि गेटच्या अलीकडं खडीचा ढीग होता त्यात घुसून थांबली. त्या ढिगाच्या शेजारी पाण्याचा नळ आहे, थोड्या वेळापूर्वी एक जण तिथं तोंड धूत होता, तो नुकताच निघून गेलेला. त्याची बादली चाकाखाली सापडली, सपाट झालेली. ती बादली मला अजून डोळ्यासमोर दिसते, हिरव्या रंगाची.

त्या दिवसापासून माझा एक नियम आहे आणि तो मोडला असा एक दिवस नाही. केबिनमधनं उतरायच्या आधी हँडब्रेक माझ्या हातानं ओढायचा, फुस्स आवाज कानानं ऐकायचा, इंजिन बंद, चावी खिशात. चावी खिशात असली म्हणजे मी मधी असताना दुसरा कोणी, भला हेतू असला तरी, गाडी हलवू शकत नाही. हवा भरायला इंजिन चालू ठेवायलाच लागत असेल तर हँडब्रेक ओढून, चाकाला आडवण लावून, आणि केबिनचं दार बंद करून. क्लीनरला विचारायचं नाही "ब्रेक ओढलाय काय रे?" म्हणून. तो घाबरून हो म्हणतो. स्वतः बघायचं.

अशी चाललेली गाडी थांबवायला पळत जाऊन केबिनमध्ये चढायचा प्रयत्न तर अजिबात करू नका. माझ्या ओळखीतला एक जण तसाच गेला, दार आणि भिंतीच्या मधी. दुसरा एक पाइप लावतानाच फटीत गेला. दोघांच्या मातीला मी गेलोय. दोघांचीही चांगली वीस-वीस वर्षांची ड्रायव्हिंग होती, नवीन पोरं नव्हती. गाडी गेली तर जाऊ दे, भिंत पडली तर पडू दे, लोकांना ओरडून बाजूला करा आणि स्वतः लांब व्हा.

एक अजून चुकीची सवय, केबिनमध्ये ट्रेलरच्या ब्रेकचा वेगळा दांडा असतो काही गाड्यांना, तो ओढून ठेवायचा आणि तोच पार्किंग म्हणून चालवायचा. तो पार्किंग नाही. तो साधा हवेचाच ब्रेक, हवा उतरली की तो पण उतरला.

पाइपचा क्रम पण लक्षात ठेवा, सोडताना लाल आधी आणि लावताना लाल शेवटी. कारण लाल लागला की चाकं सुटणार, त्याच्या आधी पायाच्या ब्रेकचा पाइप जोडलेला पाहिजे.

आता ट्रेलरच्या पायांबद्दल, लँडिंग लेग म्हणतात ते. आमच्याकडं जमिनीचे दोन प्रकार. खानापूर-बेळगावच्या बाजूला तांबडी, मुरमाड, आणि निपाणी-चिकोडी-अथणीकडं गेलं की काळी. काळी जमीन उन्हाळ्यात दगडासारखी असते, भेगा पडलेल्या, कोणालाही वाटतं ह्यावर काय होतंय. आणि एक पाऊस पडला की लोणी. ट्रेलर सोडून दोन दिवस ठेवला आणि मधी पाऊस झाला की पाय हातभर आत जातात, त्यातही एक जास्त, एक कमी, आणि ट्रेलर एका अंगाला कलतो. मग परत घोडा लावायला गेलं की उंची जमत नाही, किंगपिन टर्नटेबलच्या, म्हणजे घोड्यावरच्या ज्या जबड्याच्या प्लेटवर ट्रेलर टेकतो तिच्या, वरनं निघून जातो नाहीतर खाली अडतो. उन्हाळ्यात डांबरावर पण होतं हे, दुपारी डांबर मऊ झालं की पायाखालची छोटी प्लेट आत रुतते. ह्याला उपाय एकदम साधा आहे, दोन जाड फळ्या. सॉ मिलमध्ये गेलं तर दोन-अडीच इंच जाडीची फळी कापून देतात, पायाच्या प्लेटीपेक्षा चांगली मोठी, चारी बाजूनं वीतभर बाहेर येईल अशी. मी त्या ट्रेलरच्या पेटीत ठेवतो. फळी फुटलेली, कुजलेली असेल तर मात्र तिच्यावर विसंबू नका.

पाय खाली करताना हँडल. हे हँडल माझ्या वस्तादाचं मनगट खाऊन गेलं. त्या गिअरबॉक्सला दोन गिअर असतात, एक फास्ट, पाय जमिनीला टेकेपर्यंत, आणि एक हळू, वजन उचलायला. हँडल आत-बाहेर केलं की गिअर बदलतो. वजन आलेलं असताना गिअर धड ह्यात नाही धड त्यात नाही असा मधीच राहिला की हँडल उलटं फिरतं, आणि ते काय वेगानं फिरतं हे सांगून खरं वाटणार नाही. वस्ताद एका हातानं हँडल धरून, दुसऱ्या हातात बिडी, माझ्याशी बोलत होते. काटकी मोडल्यासारखा आवाज आला. नंतर ते गाडी चालवायचे पण गिअर टाकताना तोंड वाकडं करायचे, थंडीत तर जास्तच. तर दोन्ही हात, दोन्ही पाय फाकवून घट्ट उभं राहायचं, डोकं हँडलच्या फिरण्याच्या वाटेत आणायचं नाही, आणि झालं की हँडल हुकात अडकवायचं. लोंबतं ठेवलं की रस्त्यात बाहेर येतं, आणि कडेनं जाणाऱ्या मोटारसायकलवाल्याच्या गुडघ्याएवढीच त्याची उंची असते.

किंगपिन सोडायचा दांडा ओढताना जो प्रकार चालतो तो मला सगळ्यात जास्त खटकतो. दांडा निघत नाही, कारण घोडा पुढं ताणलेला असतो आणि पिनवर सगळा जोर. मग काय करतात, ड्रायव्हर केबिनमध्ये बसून घोडा पुढं-मागं हलवतो आणि क्लीनर ट्रेलरखाली हात घालून दांडा ओढत राहतो, "हिंद, हिंद, साकु, साकु!" (कन्नडमध्ये मागं, मागं, बास, बास) असं ओरडत. हलत्या गाडीखाली माणसाचा हात! दांडा सुटला की घोडा पुढं झेप घेतो, मागचं चाक त्याच्या पायापासून दीड फुटावर. अरे, आधी ट्रेलरचे ब्रेक लावा, घोडा हळूच मागं दाबा म्हणजे पिनवरचा ताण जातो, हँडब्रेक ओढा, खाली उतरा, आणि मग दांडा ओढा, एका हातात येतो. आणि तरी नाही आला तर टर्नटेबलला ग्रीस कधी लावलं होतं ते आठवा. वाळलेल्या ग्रीसमध्ये धूळ बसून त्याचा सिमेंट होतो. ऑटोनगरला, गाड्यांची गॅरेजं असतात तिथं, कुठल्याही वेल्डिंगच्या दुकानात एक लांब सळई, टोकाला आकडा, दोन मिनिटात करून देतात, त्यानं बाहेर उभं राहून दांडा ओढता येतो, कंबर पण वाचते आणि हात पण.

बरं, दांडा ओढला, पाइप काढले, वायरचा सॉकेट काढला, पाय खाली आहेत. आता घोडा सुसाट पुढं काढायचा नाही. हे मला दुबईत एका पाकिस्तानी चाचानं शिकवलं आणि त्याचे उपकार मी विसरणार नाही. टर्नटेबल ट्रेलरखालनं नुकतंच सुटेल एवढंच पुढं घ्यायचं, घोड्याची चेसी अजून ट्रेलरच्या नाकाखालीच ठेवायची, आणि थांबायचं. परत हँडब्रेक, उतरून पाय बघायचे, रुतताहेत का, वाकताहेत का. जरी पाय गेले तरी ट्रेलर घोड्याच्या चेसीवर बसेल, जमिनीवर आपटणार नाही. एक मिनिट लागतं ह्याला. पाय खाली करायलाच विसरून घोडा काढला आणि ट्रेलर गुडघ्यावर बसला, असं मी तीनदा तरी बघितलंय, एकदा कॉइल भरलेल्या ट्रेलरचं. क्रेन येऊन तो उचलेपर्यंत संध्याकाळ झाली. पाइप काढायला विसरले तर ते तुटतात तेवढंच, पण तुटलेला पाइप हवेत सापासारखा फणा काढून फिरतो, तोंडावर बसला तर डोळा गेला समजा.

लावताना पण असंच. खट्ट आवाज आला म्हणजे पिन बसला असं नाही. बॅटरी घेऊन खाली वाकून बघायचं, टर्नटेबल आणि ट्रेलरच्या प्लेटमध्ये उजेड दिसतोय का, दिसला तर बसलेला नाही. जबडा पिनच्या मानेभोवती आलाय का, दांडा पूर्ण आत गेलाय का. पिन दोन इंची आणि साडेतीन इंची असे दोन येतात, दुसऱ्याचा ट्रेलर ओढायची वेळ आली तर हे पण बघा. मग ट्रेलरचे ब्रेक लावलेले ठेवून पहिल्या गिअरमध्ये घोडा हळू पुढं ताणून बघायचा. आणि पाय शेवटी वर, मी त्या दिवशी केलं तसं आधी नाही.

रात्री उभा केलेला ट्रेलर सकाळी लावताना एक अजून. हवा उतरलेली असेल तर घोडा मागं घेताना ट्रेलर मागं सरकत जातो आणि पाय जमिनीला घासून वाकतात. म्हणून आडवण. चाकाला दगड लावतात आपल्याकडं, मिळेल तो, गोल गोटा. गोल दगडावरनं चाक चढून जातं. आणि निघताना तो दगड रस्त्यातच सोडून जातात, मागनं येणारा दुचाकीवाला अंधारात त्यावर पडतो. तवंदी घाटात मी असे दगड किती वेळा उतरून बाजूला टाकलेत. लाकडी तिरका ठोकळा करून घ्या, दोन, त्याला दोरी बांधा आणि दोरी पेटीच्या कडीला. दोरी असली की विसरत नाही. आणि घाटात, उतारावर घोडा बदलायची वेळ आणूच नका हो. क्रेनवाल्याला बोलवून सपाटीला न्या, मालकाला चार शिव्या घालू द्या फोनवर.

सुटलेल्या ट्रेलरवर माल उतरवायचा असेल तर हेही सांगतो, कारण मशीनच्या, कास्टिंगच्या मालात बेळगावकडं हे नेहमी होतं. मागचा माल आधी काढला, पुढचा तसाच, आणि त्यात फोर्कलिफ्ट पुढं चढवली की सगळा भार नाकावर येतो आणि दोन बारक्या पायांवर उभा असलेला ट्रेलर पुढं तोंडावर पडतो. घोडा लावलेला असताना हे होत नाही, म्हणून लोकांना अंदाज येत नाही. घोडा सोडलेला असेल तर नाकाखाली टेकू पाहिजेच.

आणि उसाच्या ट्रॉल्या. हंगाम सुरू झाला की आमच्या गावच्या रस्त्यावर ट्रेलरवाल्यांपेक्षा जास्त जोडणं-सोडणं ट्रॅक्टरवाले करतात, आणि त्यांना तर हे कोणीच शिकवलेलं नसतं. फडातनं डबल ट्रॉली एका दमात निघत नाही, म्हणून मागची सोडायची, पुढची डांबरी रस्त्याला आणून ठेवायची आणि परत मागचीला जायचं. ट्रॉलीला बहुतेक ब्रेकच नसतो. रस्त्याकडेला सोडलेल्या ट्रॉलीच्या चाकाला उसाचं वाढं नाहीतर ढेकूळ लावलेलं असतं, ढेकूळ! दांडीखाली दगडावर दगड रचलेले. दोन चाकी ट्रॉली असेल तर पिन उपसायच्या आधी भार कुठं आहे बघा. ऊस मागं जास्त असेल तर पिन निघाल्याबरोबर दांडी वर उसळते, थेट हनुवटीला. पुढं जास्त असेल तर दांडी खाली पायावर. माझ्या चुलतभावाच्या मुलाचा उजव्या पायाचा पंजा असाच गेला, बारावीला होता, सुट्टीत ट्रॅक्टरवर गेलेला. पिन काढताना दांडीच्या वर वाकायचं नाही, दांडीवरनं पाय टाकून उभं राहायचं नाही, बाजूला राहून हात लांब करून पिन काढायची, आणि ट्रॅक्टर बंद करून. रात्री रस्त्याकडेला सोडलेल्या ट्रॉलीला मागनं लाल रिफ्लेक्टर नाहीतर निदान एखादा कंदील पाहिजे, तिच्या मागं घुसून मेलेल्या पोरांची नावं आमच्या गावात कोणालाही विचारा.

हे सगळं का होतं तर घाई. मालक फोनवर, काट्यावर नंबर, आदल्या रात्रीची झोप नाही. पूर्वी गाडीवर दोन माणसं असायची, आता निम्म्या ट्रेलरवर क्लीनरच नाही, एकटा ड्रायव्हर, म्हणजे तो फटीत अडकला तर ओरडलेलं ऐकायला पण कोणी नाही. मालकांना मी एवढंच म्हणेन की घोडा सोडायला-लावायला प्रत्येकी वीस मिनिटं धरा, त्याच्या आत झालं का म्हणून विचारू नका. दोन फळ्या, दोन ठोकळे, एक आकडा, एक कपाळाला बांधायची बॅटरी, एक जोडी बूट, ह्याला एका टायरच्या पैशाचा किती भाग लागतो तो हिशोब तुम्हीच करा. बूट का तर चेसीवर ग्रीस असतं आणि पावसात त्यावर स्लिपर टिकत नाही. आणि चेसीवरनं उडी मारायची नाही, केबिनकडं तोंड करून धरत धरत उतरायचं, शिडी उतरतो तसं.

त्या रात्री कोगनोळीला मी त्या पोराला सगळं परत करायला लावलं. ड्रायव्हरनं फोन ठेवला, जरा नाराज होता, पण आला. पोरगं हुक्केरीकडचं, मराठी थोडं अडखळत बोलणारं, मग मी कन्नडमध्येच सांगितलं. पहिल्या घोड्याचा हँडब्रेक त्यानं स्वतः ओढला, मी म्हणलं आवाज ऐकलास का, तो म्हणाला ऐकला, मी म्हणलं परत सोड आणि परत ओढ, परत ऐक. मग इंजिन बंद. धाब्याच्या मागनं एक जाड फळी आणली, दुसऱ्या पायाखाली दोन विटा घालत होता त्या काढायला लावल्या, विटा फुटतात, तिथं धाबेवाल्याचं जुनं पाट्याएवढं लाकूड मिळालं. घोडा काढला तेव्हा मी ड्रायव्हरला हातानं थांबवला, चेसी अजून नाकाखाली. पोरगं बॅटरी घेऊन पाय बघून आलं आणि म्हणालं उजवा दोन बोटं खाली गेलाय. खरंच गेला होता. ड्रायव्हर उतरून आला, वाकून बघितलं, काही बोलला नाही, आणि खिशातनं चावी काढून मला दाखवली.